छातीच्या दुखण्यामागे धामणगाव बढेला

लहानपणी बैलगाडी दुरून यायची ती घुंगरांच्या तालावर, पाठ्यपुस्तकातल्या कवितेसारखी. पण कधी नुसती चाकांचीच खडखड ऐकू आली की आई जातं थांबवायची. गाडीत आजारी माणूस असला की बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून ठेवत. ती बोडकी खडखड अजून कानात आहे.

म्हणून भाची मीनल म्हणाली, "मामा, चला माझ्यासोबत," तेव्हा मी लगेच पिशवी भरली. मीनल डॉक्टर; बुलढाण्यात आमच्याकडेच राहते. तातडीच्या उपचारांवर तिचं संशोधन चाललंय. छातीत दुखू लागल्यापासून माणूस घरातून निघेपर्यंतचा वेळ जातो कुठे? मला वाटलं, असल्या प्रश्नाला कवीच लागतो. तिला फक्त रस्ता दाखवणारा हवा होता.

बुलढाण्याहून एसटीने राजूर घाट उतरून मोताळा. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही; म्हातारं होण्याचा हा एकमेव रोख फायदा. स्टँडवरचा आलुबोंडा गरम असेल तरच घ्या. पुढे धामणगाव बढेला जीप. ड्रायव्हरशेजारची सीट मागू नका, ती त्याच्या ओळखीच्यांची असते.

उतरलो वर्गमित्र वसंताकडे. त्याला विचारल्याशिवाय त्या घरातलं कोणी दवाखानाच काय, बाजारही गाठत नाही. मीनलच्या प्रश्नांना उत्तरं द्यायलाही तोच बसला.

"छातीत दुखलं तर काय करायचं, काका?"

"लगेच दवाखाना! येळ नाई घालवायचा, बेटा," असं ठणकावत तो ऐन माघात टॉवेलने घाम पुसत होता. मी सहावीतली कविता म्हणण्यात रंगलो होतो. मीनलने पेन खाली ठेवलं.

"काका, डावा हात का दाबताय?"

"गॅस हाय तो. सकाळपासून."

दाराशी उभ्या विमलवहिनी, त्याची बायको, हळूच म्हणाल्या, "काल सांजपासून."

"तू चूप बस वं!"

मीनलने त्याला ॲस्पिरिन चघळायला दिली, १०८ला फोन लावला. वसंताचा मुलगा अवघडून उभा. "बाबा हो म्हनतीन तर नेतो."

"मी नाई म्हनून राह्यलो," बाबा म्हणाले.

परवानगी देणाराच आजारी पडला तर विचारायचं कोणाला?

"काकांपेक्षा वयाने मोठं कोण आहे इथे?" मीनलने विचारलं.

मी होतो. गणितात एक वर्ष नापास झालो म्हणून वसंताच्या वर्गात आलो होतो. त्या नापासाचा आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग झाला.

"वसंता, मोठा म्हणून सांगतो. गाडीत बस."

"तू? तुहं तर घरचं मांजर आयकत नाई बे," तो म्हणाला. पण गाडी आली तेव्हा मुकाट स्ट्रेचरवर आडवा झाला.

परतीच्या राजूर घाटाचं वर्णन या वेळी नाही, वाचकहो. मी ड्रायव्हरशेजारून मान वळवून काचेतून मागे वसंताकडेच पाहत होतो. आणि सायरन घाटभर बोंबलत होता. आता आजाऱ्याची गाडी अशी जाते.

बुलढाण्याहून त्याला पुढे अकोल्याला नेलं, बंद रक्तवाहिनी उघडली, गडी वाचला. मीनल म्हणते, वसंता अभ्यासात धरता येणार नाही, कारण वेळ मोजणारेच मध्ये पडले. म्हणजे आमचा एकमेव पराक्रम विज्ञानाच्या हिशेबी घडलाच नाही. माझ्याजवळ उरला तो दाराशी दबलेला एक आवाज.

काल इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात विमलवहिनी, धामणगावहून एकट्याच आलेल्या, चौकट धरून उभ्या.

"या वहिनी! वसंता बरा आहे ना?"

"त्यायले काय होते? मस्त हायेत." त्या उंबऱ्यावरच बसल्या. "भाऊजी, मीनलले हाक मारा. माह्या छातीत दुखून राह्यलं सकाळपासून. घरी कोनालेच नाई विचारलं."