शाझलीच्या दोन वह्या

बिझर्ट या बंदरगावच्या टपाल कचेरीत शाझलीने एकोणचाळीस वर्षं पत्रांची वर्गवारी केली. पाकिटावर कोंबडीचे पाय उमटलेले असोत की पावसाने शाई पसरलेली असो, पत्ता वाचता आला नाही म्हणून एकही पाकीट त्याने परत पाठवलं नव्हतं, असं तो सांगायचा. थोडं वाढवून सांगायचा, पण थोडंच. गल्लीतली माणसं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या औषधाच्या दुकानात नेण्याआधी त्याच्याकडे आणत. निवृत्त झाल्यावर तो अधाशासारखा वाचत सुटला. वर्षाला तीस पुस्तकं, कधी चाळीस, आणि प्रत्येकाची नोंद हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत.

या वर्षी फेब्रुवारीपासून त्याने एकतीस पानं वाचली होती. पुस्तकं नव्हेत, पानं.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याने वर्तमानपत्र उघडलं आणि ते परत घेऊन तडक विक्रेत्याकडे गेला. "हे काय छापलंय? कुठल्या मुलखाची लिपी ही?" विक्रेत्याने पेपर पाहिला, मग शाझलीकडे पाहिलं आणि गल्लीत सगळे त्याला 'अम्मी', म्हणजे काका, म्हणत तसं म्हणाला, "अम्मी शाझली, रोजचाच आहे की." शाझली त्याच्याशी पाच मिनिटं भांडला. मग मान वर करून पाहिलं तर दुकानावरच्या पाटीवरही तीच परकी लिपी होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि आडपडदा न ठेवता बोलल्या. मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गाठ अडकली होती. बोलणं शाबूत, हातपाय शाबूत, आकडेही शाबूत. उजव्या बाजूचं थोडं कमी दिसेल. लिहिता येईल, वाचता मात्र येणार नाही.

शाझली हसला. "बाई, लिहिता येतं त्याला वाचता येतंच."

त्यांनी कागद पुढे केला. त्याने झोकात आपलं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, खाली रेघ ओढली. बाईंनी कागद काढून घेतला, क्षणभराने परत त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "काय लिहिलंय?" शाझली त्या कागदाकडे बघत राहिला. त्याची स्वतःचीच शाई त्याला ओळख दाखवेना. तेव्हा त्याला जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती, वडील बोटीवरून परत आले नाहीत त्या दिवशीसुद्धा नाही.

"हे परत येईल का?"

"आशा ठेवू नका," बाई म्हणाल्या.

घरी त्याने बायकोला, नफीसाला, फक्त रक्तदाब वाढल्याचं सांगितलं. खरं सांगायला तोंड कुठे होतं? नफीसा साठीत अक्षरवर्गाला जाऊ लागली होती. रव्याच्या परातीत बोटाने अक्षरं गिरवायची आणि पुस्तकातल्या ओळीवर बोट फिरवत एकेक शब्द जुळवायची. शाझलीने चार वर्षं तिची थट्टा केली होती. "काय गं, पुस्तकाला खाज सुटलीय का? खाजवतेस कशाला?" तिच्या मैत्रिणींसमोर, जावयासमोर, कुणाहीसमोर. ती आपली ओळ पुरी करायची.

आता तोच माणूस रोज सकाळी खिडकीशी पुस्तक उघडून बसे, अंदाजाने पानं उलटे, मधेच "हं" म्हणे. दोन महिने हे नाटक चाललं. बाजारात तो फलकांखालून मान खाली घालून चाले. कुणी चिठ्ठी घेऊन आलं की चष्मा दुरुस्तीला दिलाय म्हणे. गल्लीतल्या एका पोराने हिशेब लावला की अम्मी शाझलीचा चष्मा मार्चपासून दुरुस्त होतोय. तेव्हापासून त्याने दुपारी बाहेर पडणंच सोडलं.

मे महिन्यात एकदा नफीसा परात टेबलावर तशीच ठेवून शेजारी गेली. रव्यात अरबीत एक शब्द गिरवलेला होता. शाझलीला तो दिसत होता आणि कळत नव्हता. कशाने कोण जाणे, त्याने त्या खाचेतून बोट फिरवलं. पहिलं वळण, एक टिंब, उभी दांडी, मग पुन्हा वळण आणि टिंब. आणि बोट थांबलं तेव्हा त्याला कळलं: दार. डोळ्यांना जमलं नव्हतं, ते हाताला जमलं होतं. तो तिथेच रडला.

तेव्हापासून तो चोरून वाचू लागला, छापील अक्षरांच्या वळणांवरून बोट फिरवत. कपाटातून त्याने सगळ्यात बारीक पुस्तक काढलं. केफ गावच्या एका न्हाव्याची गोष्ट, शहाण्णव पानांची. बहिणीच्या लग्नाला निघालेला न्हावी बसमध्ये बसतो, इथून सुरुवात. एक ओळ म्हणजे दहा मिनिटं. शब्दाच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटे, मग पुन्हा पहिल्यापासून. डोकं ठणकायचं. काही दिवशी सहा ओळी, काही दिवशी एकही नाही. डिसेंबर आला तरी न्हावी बसमधून उतरलेला नव्हता. शाझलीला ते पुस्तक पूर्वी मिळालं असतं तर त्याने ते एका संध्याकाळी संपवून "बरं आहे" असा शेरा मारला असता. आता त्यातल्या कंडक्टरच्या खोकल्यावरही त्याचा जीव जडला होता.

आणि शेवटचा गुरुवार जवळ येत होता.

जुन्या बंदरावरच्या कॅफेत दर डिसेंबरच्या शेवटच्या गुरुवारी तिघं मित्र वर्षभरात काय वाचलं ते सांगत. बावीस वर्षांचा रिवाज. शाझली, निवृत्त शाळामास्तर हमादी, आणि कालव्यावरचा उचलता पूल ज्याने जन्मभर उचलला आणि खाली ठेवला तो बुरावी. ज्याच्या त्याच्या वहीत आवडत्या पुस्तकाच्या नोंदीखाली बाकीचे सही करत. शाझलीला दुसरं काही उरलं नव्हतं. पत्रं गेली, चिठ्ठ्या गेल्या, दुपारचं फिरणं गेलं. हा गुरुवार गेला की आपण नुसते खिडकीत बसलेले म्हातारे, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

म्हणून त्याने दोन वह्या केल्या. लिहिता येत होतंच. एकीत खोटी यादी: चौदा पुस्तकं, सगळी रेडिओवरच्या शनिवारच्या कार्यक्रमात ऐकलेली. ती त्याने तोंडपाठ केली. दुसरीत खरं. मनातलं बाहेर काढायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो त्यात रोज लिहायचा, आणि लिहिलेलं कुणी वाचणार नाही, आपणसुद्धा नाही, याचा त्याला आधार वाटायचा. दोन्ही वह्या हिरव्या. गोंधळ नको म्हणून त्याने दोन्हींवर नीटनेटकी चिठ्ठी चिकटवली: एकीवर 'मित्रांसाठी', दुसरीवर 'फक्त माझी'. एकोणचाळीस वर्षं चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवलेल्या माणसाची खोड ती.

गुरुवारी हमादी त्याला न्यायला दारात आला. "चल रे, बुरावी एव्हाना मकरूदच्या सगळ्या मधवड्या संपवून बसला असेल." शाझलीने खण उघडला, दोन हिरव्या वह्या पाहिल्या, चिठ्ठ्यांकडे पाहिलं. चिठ्ठ्या गप्प होत्या. बोट फिरवायला वेळ नव्हता आणि हमादी बघत होता. खोटी वही वर ठेवल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. त्याने वरची उचलली.

कॅफेत सगळं सुरळीत झालं. बुरावीने नेहमीप्रमाणे रहस्यकथा सांगितल्या: अकरा खून आणि नऊ खुनी. "दोन खुनी कुठे गेले?" हमादीने विचारलं. "शेवटची पानं फाटलेली होती. जुन्या बाजारात यापेक्षा काय मिळणार?" मग शाझलीने वही समोर धरली आणि चौदा पुस्तकं घडाघडा म्हटली. मधे मधे पान उलटलं. उजवीकडचा कप त्याला दिसला नाही आणि कोपराने सांडला, तेवढं सोडलं तर कुठे अडखळला नाही.

"आणि सगळ्यात आवडलं कुठलं?" हमादीने विचारलं.

"मिठागरांचा इतिहास. सहाशे पानं. खाली ठेववेना."

"आण, सही करतो." हमादीने वही ओढून घेतली.

शाझली त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. हमादीने एक पान वाचलं. मग मागचं. मग बराच वेळ एकाच पानावर त्याची नजर होती.

"मिठागरं म्हणालास ना?" त्याने मान वर न करता विचारलं.

"हो. तिथेच आहे बघ."

"आहे," हमादी म्हणाला. "सापडलं." त्याने पेन काढलं आणि सावकाश काहीतरी लिहिलं, सहीला लागतो त्याहून जास्त वेळ.

"मलाही दे," बुरावी म्हणाला.

"तुझे हात मधाने बरबटलेत. पुढच्या वर्षी कर." त्याने वही मिटून शाझलीच्या हातात दिली आणि क्षणभर ती सोडलीच नाही.

शाझली सुटल्यासारखा घरी आला. आणखी एक वर्ष आपण माणसांत आहोत, असं त्याला वाटलं. नफीसा टेबलाशी बसली होती आणि तिच्यापुढे एक हिरवी वही उघडी होती.

"मित्रांसाठी," ती बोट फिरवत म्हणाली. "चौदा पुस्तकं. या घरात मे महिन्यापासून एकच पुस्तक उशीखालून खिडकीत आणि खिडकीतून उशीखाली फिरतंय. चौदा कुठून आली?"

शाझलीच्या हातातली वही खाली पडली.

"तुला माहीत होतं?"

"मीठ आणि साखरेची पिशवी चाखून बघणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. परात तिथे कुणी ठेवली असं वाटलं तुला?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू चार वर्षं बोलत होतास. म्हटलं, आता जरा गप्प बसू दे." मग तिचा आवाज खाली आला. "तू सांगशील म्हणून थांबले होते, शाझली."

त्याला तिच्याकडे बघवेना. लाजेने त्याचे कान तापले होते. हमादीने काय वाचलं असेल हे त्याला आठवू लागलं, एकेक वाक्य. जूनमधलं: आज एकही ओळ नाही, मी संपलो. ऑगस्टमधलं: मित्रांना कळलं तर ते माझ्याशी हळू बोलू लागतील, आजाऱ्याशी बोलतात तसं. त्याआधी मरण आलेलं बरं. आणि सगळ्यात शेवटी, परवाचं: पान एकतीस.

नफीसाने वही उचलून शेवटचं पान काढलं. "इथे हमादीने लिहिलंय. वाचू?"

"नको. मी वाचतो."

हमादीचं अक्षर सगळ्या बिझर्टमध्ये वाईट. त्याची पत्रं फक्त शाझलीच लावू शकायचा. त्याने बोट ठेवलं आणि त्याला नवल वाटलं. अक्षरं मोठी होती, सुटी सुटी, पहिलीच्या पोरांना फळ्यावर काढून देतात तशी, आणि पेन इतकं दाबलेलं की कागदाला खाच पडली होती. बोट त्या खाचेतून चाललं. तीनच शब्द होते, पण त्याला अर्धा तास लागला, कारण प्रत्येक शब्द तो पुन्हा पहिल्यापासून गिरवत होता.

बत्तिसावं पान कधी?

नफीसाने दिवा लावला. मग त्याने पेन मागून घेतलं आणि त्याच्याखाली उत्तर लिहिलं: उद्यापासून. वही जवळ घेऊन, लांब धरून, तो त्या उत्तराकडे बघत राहिला, आणि आपण काय लिहिलंय ते त्याला डोळ्यांनी वाचता आलं नाही.