गावपळणीतलो धूर

माझो थोरलो भाव बाबूदादा गेल्या पावसात गेलो. लोक भेटाक येतत, तेचा चांगला बोलतत. माका मात्र तो धूर आठवता.

खाडीच्या कडेक आमच्या माडांत तेणी पावण्यांसाठी चार मातीच्यो खोल्यो बांधल्यान. टीव्ही नाय, एसी नाय. सकाळी होडयेतसून पक्षी दाखवूचे, दुपारी पेज नि सुको बांगडो. कोण एका दिवसात सगळा बघूक निघालो तर दादा म्हणायचो, घाय आसा तेणी हॉटेलात रवाचा.

आमच्या गावात थोड्या वर्सांनी गावपळण असता. देवाचो कौल झालो काय माणसां, ढोरां, कोंबडी सगळी वेशीभायर. तीन रात्री माळार खोपटां बांधून रवाचा. गावात चूल पेटवची नाय.

२००४ सालात नेमके तेवाच पुण्याचे पावणे इले, नवरा, बायको नि सासू. दादान तेंका कायच सांगल्यान नाय. शिकलेली माणसां, देवासाठी घर सोडा म्हटला तर आपणाक अडाणी म्हणतीत, ही तेका लाज. वयनीक आमच्या वांगडा धाडल्यान नि आपण मागे रवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळार सगळी चाय पीत होती. शेजारची हौसाबाई हळूच म्हणाली, "गो, तुमच्या माडांतसून धूर येता."

सगळी वळली. वयनीन पदर तोंडार घेतल्यान. मी आपली कोंबड्यांची पाटी सारखी करीत बसलंय.

तकडे पावण्यांनी दादाक इचारल्यानी, गावात कुत्रो पण कसो नाय? मगे तेका सांगूचाच लागला. सासू म्हणाली, "अहो, आम्हाला का नाही नेलंत? हेच तर बघायचं होतं."

दुपारी दादा तिघांका घेवन माळार इलो. सगळ्या गावासमोर मान खाली घालून उभो. गावचे मानकरी धोंडूकाका, तेणी एकच इचारल्यानी, "चूल इझयलस?"

"इझयलंय."

"मगे बस. पावण्यांका पाणी दी."

शिव्या घातल्यानी असत्यो तर बरा झाला असता. तेच्यानंतर देवळात दादा कधी फुडे बसलो नाय, मागच्या खांबाकडेच बसायचो.

२००८च्या गावपळणीक पावण्यांची खोपटां तेणीच सगळ्यांच्या आधी बांधल्यान. आपला मात्र एका कडेक, दार गावाच्या उलट्या बाजूक. मी म्हटलंय, दादा, वारो येवचो नाय असा.

"रवांदे गो," म्हणालो. "गावाकडे दार केला तर आपले माड दिसतत."