टेंभुर्णीवाला यायच्या आत

आमच्या वडिलांनी जीपच्या दोन्ही किल्ल्या एकाच कडीत अडकवल्या होत्या. एक हरवली तर दुसरी हाताशी असावी म्हणून दोन किल्ल्या देतात, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, "दोन ठिकाणी ठेवल्या तर दोन ठिकाणी शोधाव्या लागतील की." मग गेल्या उन्हाळ्यात बार्शीकडच्या शेतात, विहिरीत पाणी किती राहिलंय ते बघायला वाकले आणि वरच्या खिशातनं कडीसकट दोन्ही किल्ल्या आत. डुबुक असा आवाज आला म्हणाले. म्हणजे पाणी होतं.

जीप ट्रॅक्टरला बांधून सोलापूरच्या घरी आणली आणि अंगणात उभी केली. डिझेलची, हिरवी, दारं नसलेली ही जीप वडिलांनी माझ्या जन्माच्या आधी सरकारी लिलावात घेतली होती. त्यांच्याशिवाय कुणी ती चालवलेली नाही. त्यांच्या शेजारी त्यांचे मित्र बसायचे, आई आणि मी मागच्या आडव्या बाकड्यावर धूळ खात. मी कार शिकले, रोज कारनं कामाला जाते, पण जीप मागितली की एकच उत्तर, "बघू पुढं."

दिवाळी झाली आणि त्यांनी जेवताना सांगून टाकलं की जीप विकली. टेंभुर्णीचा एक ढाबेवाला घेणार होता. चालवायला नाही, ढाब्याच्या दारात मांडायला. बॉनेटवर फुलझाडांच्या कुंड्या ठेवायच्या आणि लोकांनी सेल्फी काढायच्या. माझं डोकंच फिरलं. ताट बाजूला सारून म्हटलं, "मला द्या. मी चालवते."

"किल्ली न्हाय. काय ढकलत नेणार हायस?"

"किल्ली करून घेते."

"घे की करून. रविवारी संध्याकाळी येतोय तो. त्यानं न्यायच्या आत चालू केलीस तर तुझी. न्हाय तर त्याची."

मला तेवढंच पाहिजे होतं. दोन दिवसांत मेकॅनिक आणला, टाकी धुऊन घेतली, नवी बॅटरी बसवली. मेकॅनिक म्हणाला, खालच्या दोन वायरी जोडतो, किल्लीचं झंझटच नको. वडील वऱ्हांड्यातनं गरजले, "चोरटे करत्यात तसलं. माझ्या दारात गाडी किल्लीनंच सुरू व्हईल." झालं, रविवारी सकाळी मी सात रस्त्याजवळच्या चावीवाल्याला घरी बोलावलं.

तो आला तोच ऐटीत. "ताई, आजवर एक कुलूप मेरेकू नै बोल्या नै." त्यानं काम समजावलं. कोरी किल्ली कुलपात घालून पिळायची, आतल्या पिना तिच्यावर जिथं खूण उठवतील तिथं कानशीनं घासायचं, असं करत करत किल्ली तयार होते. मी स्टूल घेऊन शेजारीच बसले. त्यानं कोरी किल्ली लावली आणि ती अर्ध्यावर अडकली.

"साईज गलत," म्हणाला. दुसरी लावली. अर्ध्यावरच. मग सगळा डबा पालथा केला, स्कूटरवरनं दुकानात जाऊन जुन्या किल्ल्यांची आणखी एक पिशवी आणली. एकही आत जाईना. "तुमाराच कुलूप खराब है ताई."

"कुलूप चांगलं आहे. विहिरीत पडेपर्यंत किल्ली लोण्यासारखी फिरत होती."

आमची अशी जुंपली की आईनं दोघांना चहा आणून दिला. दुपार कलली. ढाबेवाल्याचा फोन आला, मोहोळला पोचलोय, चहा घेतो आणि निघतो. वडील आतून मोठ्यानं म्हणाले, "मोहोळ म्हंजे आलाच की." मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात चावीवाल्यानं कुलपात टॉर्च मारला, डोळा लावला आणि एक टाचणी घालून खरवडलं. लालसर पिवळा चुरा त्याच्या तळहातावर पडला. त्यानं वास घेतला, माझ्यापुढं हात धरला. मीही वास घेतला. हळदकुंकू.

आम्ही दोघांनी आईकडं बघितलं.

दरवर्षी दसऱ्याला जीपची किल्ली ताटात ठेवून आई तिची पूजा करते. यंदा किल्ली नव्हती. पूजा तर चुकवायची नाही. म्हणून तिनं हळदकुंकू पाण्यात घट्ट कालवलं आणि किल्ली जिथं जाते तिथंच बोटानं भरलं. दिवाळीपर्यंत ते वाळून दगड झालं.

"अय्यो शिवने," आई तोंडाला पदर लावून म्हणाली. "थोडंच लावलं हुतं की."

मग एकच धावपळ उडाली. आईनं रॉकेलची बाटली शोधली, मी शेजारच्यांचा सायकलचा पंप पळवत आणला. चावीवाला रॉकेल सोडून टाचणीनं कोरायचा, मी पंप मारायची, कुंकू उडून त्याच्या दाढीला लागायचं. आई म्हणाली, चला, तुमची बी पूजा झाली. तो हसत सुटला. आणि मग कोरी किल्ली टोकापर्यंत आत गेली. खुणा उठल्या. कानस घासायला लागली. त्या आवाजाइतकं गोड मी वर्षभरात काही ऐकलं नाही.

किल्ली फिरली, दिवा लागला. "एकीवरनं दुसरी बी कर," आई त्याला म्हणाली, आणि त्यानं दुसरी घासून तिच्या हातात ठेवली तोच फाटकाशी गाडी थांबली. ढाबेवाला उतरला. वडील बाहेर आले. मी स्टेअरिंगवर बसलेच होते. डिझेल इंजिनातला हीटर तापेपर्यंत थांबायचं असतं, हे मी लहानपणी मागच्या बाकड्यावरनं शिकलेले. किल्ली पूर्ण फिरवली. जीप खोकली, गप्प झाली. परत फिरवली. अंगणभर काळा धूर झाला आणि इंजिन धडधडायला लागलं. मी आनंदानं ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही.

ढाबेवाला हसून म्हणाला, "काका, ही काय आता कुंड्या ठिवून घेत न्हाय."

वडील सवयीनं माझ्या बाजूला आले, स्टेअरिंगवर हात ठेवला, मला बघितलं. हात काढला आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. तिथं आई पदर खोचून बसली होती.

"मागं जागा हाय की," ती म्हणाली.

ते मागं चढले. आडव्या बाकड्यावर एका हातानं दांडी धरून बसले. मी गिअर टाकला आणि जीप फाटकाबाहेर काढली. मागनं आवाज आला, "ती दुसरी किल्ली माज्याकडं दे."

दुसरी किल्ली आईनं पदराच्या टोकाला बांधली होती. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"बघू पुढं," ती म्हणाली.