सूनबाईची एकच मेथड

मला लिहायची सवय नाही, आणि संगणकातलं तर ओ की ठो कळत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण आमच्या सूनबाईविषयी कुणीतरी लिहायला हवं असं वाटत राहिलं.

ती हॉस्पिटलांसाठी प्रोग्राम लिहिते. औषधाचं खोकं आत घ्यायचं की परत पाठवायचं, हे तिचा प्रोग्राम ठरवतो. परवा दुपारी साहेबांचा फोन आला. मुदत संपलेलं औषध आत गेलं होतं.

"मॅडम, संध्याकाळपर्यंत चूक सापडली नाही तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

मुलाचं काम सुटलेलं. घर तिच्याच नोकरीवर चालतं. फोन ठेवून तिने लॅपटॉप उघडला.

"बाबा, इथे बसा. मी बोलते, तुम्ही नुसतं हुं म्हणा. मोठ्याने सांगताना आपली चूक आपल्यालाच दिसते. ऑफिसात यासाठी टेबलावर प्लास्टिकचं बदक ठेवतात."

"बदकाला निदान पोहता तरी येतं," मी म्हणालो. ती हसली नाही.

मला समजलं ते असं. तिने एक जेनेरिक मेथड लिहिली होती. वस्तू कोणतीही असो, कृती एकच. काय तपासायचं ते मात्र मेथडला ठाऊक नसतं, ते बाहेरून डेलिगेटच्या हाती द्यायचं. डेलिगेट म्हणजे निरोप्या. सांगितलेलं काम करून घेतो आणि उत्तर आणून देतो. या एका निरोप्याला तिने तीन तपासण्या जोडल्या होत्या: मुदत, थंडावा आणि लेबल.

"मुदतीची तपासणी होतेय. 'नाही' म्हणतेय, बघा."

"हुं."

"थंडावा, हो. लेबल, हो. आणि मेथडच्या हातात पडतं..." ती थांबली. "अरे देवा. फक्त शेवटचं!"

तिन्ही तपासण्या चालत होत्या, पण निरोप्या उत्तर आणत होता ते शेवटचीचंच. मुदतीचा नकार वाटेतच विरत होता. आता प्रत्येकीला वेगळं विचारायचं, एक जरी नाही म्हणाली तरी वस्तू परत. तिने भराभर दुरुस्ती केली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

ती पडद्याकडे बघतच राहिली.

"बाबा, ही मेथड मी सगळीकडे वापरलीय. किती मिरवलं होतं मी तिला. रक्ताच्या पिशव्यांनाही हीच."

"ते कुणाला कळलंय का अजून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, बदक बोलत नसतं."

तिने फोन लावला.

"रक्त?" साहेब ओरडले. "मॅडम, हे मी वर सांगितलं की तुम्ही संपलात. कळतंय का?"

"कळतंय, सर. आधी पिशव्या थांबवा."

"आणि लॅपटॉप उद्या जमा करा."

"करते. पण पिशव्या थांबवायला सांगा ना!"

तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने साहेब पुन्हा बोलले, आता हळू आवाजात. "थांबवल्या. मुदत संपलेली एक पिशवी सकाळीच वॉर्डात गेलीय."

"कुणाला लावली, सर? सर, लावली का?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. ती हॉस्पिटलचा नंबर लावू लागली, पण दर वेळी एखादा आकडा चुकत होता. मी फोन तिच्या हातून घेतला. ती आकडे सांगत गेली, मी दाबत गेलो.