मास्टर लॉक करून जा

अठ्ठ्याण्णव साली भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवायचो. मी सोल्डरिंग करायचो आणि वासंतीबाई कॉम्प्युटरवर बसून चिपमध्ये प्रोग्रॅम भरायच्या. सिल्व्हर पार्कला राहणारी, गिरगावातून आलेली ही बाई एकेका गोष्टीची दहादा खात्री करायची. मी त्यांची भरपूर चेष्टा करायचो. नवऱ्याचं ऑफिस बंद पडल्यापासून घर त्यांच्याच नोकरीवर चाललेलं, हे माहीत असूनही करायचो.

मालक बाळाशेठ इथलेच, मिठागरवाले. कॉम्प्युटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. प्रोग्रॅम त्यात ठेवला तर कुणीतरी फ्लॉपीवर उचलून नेईल, ही त्यांची धास्ती. म्हणून मूळ प्रोग्रॅम एकाच चिपमध्ये. तिला आम्ही मास्टर म्हणायचो आणि शेठ ती रोज संध्याकाळी स्वतः कपाटात कुलपात ठेवायचे. तिच्यावरून वासंतीबाई कोऱ्या चिपा भरायच्या आणि विकायच्या प्रत्येक चिपला कॉम्प्युटरवरून लॉक मारायच्या. लॉक मारलेली चिप काम करते, पण तिच्यातलं कुणाला वाचता येत नाही, की उतरवून घेता येत नाही.

त्या आठवड्यात नव्या मॉडेलची मास्टर आली. प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनिअर ती देऊन मस्कतला गेला, पत्तासुद्धा न ठेवता. शुक्रवारी शेठ पुतणीच्या हळदीला निघाले आणि दारातूनच ओरडले, "वासंतीबाय, मास्टर लॉक करून जा!"

बाईंनी दिवसभर जुन्या मॉडेलच्या वीस चिपांना लॉक मारलं होतं. त्यांनी मास्टरलाही मारलं.

शनिवारी पहिली चिप भरायला मास्टर वाचायला घेतली, तर स्क्रीनभर नुसतं एफ एफ, एफ एफ, म्हणजे आतलं काहीच वाचता येईना. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "महिपतभाऊ, शेठ कपाटाचं बोलत होते हो! आता माझी नोकरी गेली."

"गप्प बसा. मशीन बिघडलंय म्हणून सांगा," मी म्हणालो.

त्यांनी शेठना तसं सांगितलं. पण जेवणाचा डबा उघडवेना, फोन वाजला की दचकायच्या. पूनम सागरच्या सोसायटीवाल्यांचे फोन सारखे येत होते, की नवा कंट्रोलर कधी बसवताय. दर वेळी शेठ बाईंकडे बघायचे आणि मी मान खाली घालून सोल्डरिंग करत राहायचो.

सोमवारी शेठचा मुलगा धर्मेश मशीन बघायला बसला. "पप्पा, मशीन ठीक आहे. मास्टरच लॉक झालीय, कशी काय कोण जाणे. इरेज मारलं की लॉक निघतं, पुस्तकात लिहिलंय."

पुढच्याच ओळीत लिहिलं होतं, की लॉकबरोबर प्रोग्रॅमही पुसला जातो. पण पुढची ओळ वाचायची धर्मेशला सवय नव्हती.

चिप अजून चालत होती. ती कधी पंप लावते, कधी बंद करते ते बघून दुसऱ्या कुणाला प्रोग्रॅम नव्याने लिहिता आला असता. पुसली की ती एक आशाही संपणार होती. पण मग पुसणारा धर्मेश ठरणार होता, आणि मालकाच्या मुलाला कोण काढतंय? मी बाईंना डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताडकन उठल्या. "धर्मेश, थांब! सगळं पुसून जाईल. लॉक मी मारलंय, शुक्रवारी."

शेठना कळायला वेळ लागला. "मी कपाटाचं बोल्लो व्हतो गं! बरं, चुकलीस. पन दोन दिस कशाला न्हाय बोल्लीस?"

मी सोल्डरिंगची कांडी हातात धरून उभा होतो. आता माझं नाव येणार, असं धरूनच चाललो होतो.

"घाबरले होते," बाई म्हणाल्या. एवढंच.

शेठनी त्यांना काढलं नाही, पॅकिंगला बसवलं. "खोटं बोलनाऱ्याच्या हातात मास्टर न्हाय देनार," म्हणाले, आणि कॉम्प्युटरसमोरची बाईंची खुर्ची मला दिली. मी कांडी खाली ठेवली. जाऊन बसलो.