आरसा बारका हाय

अण्णांनी डबल बेल मिळाल्याशिवाय कधी गाडी हलवली नाही. एसटीच्या ड्रायव्हरच्या बाबतीत यात नवल काही नाही. कंडक्टरने दोरी दोनदा ओढली की निघायचं, एकदा ओढली की थांबायचं, ही तिथली रीतच. पण हा माणूस रिटायर झाल्यावर स्वतःच्या स्कूटरवरही तसाच बसून राहायचा. मागे त्यांची बायको, आमच्या वहिनी, बसलेल्या, मांडीवर पिशवी, पदर खोचलेला, आणि स्कूटर आपली जागच्या जागी फुरफुरतेय. शेवटी वहिनी वैतागून त्यांच्या पाठीवर दोन थापा मारायच्या, तेव्हा कुठे अण्णा क्लच सोडायचे. भोरच्या बाजारपेठेत लोक हसायचे. अण्णांना त्याचं काही नव्हतं. "हसू द्या," म्हणायचे. "मागचं माणूस नीट बसलंय का न्हाई, ते फुडच्याला कसं कळायचं?"

मी त्यांचा कंडक्टर. आमच्याकडे ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळे शाळेत जेमतेम पास होऊनही मी जन्मभर मास्तर झालो. आधी घाटातून महाड-हरिहरेश्वरच्या गाड्या केल्या, मग आमची कायमची हिर्डोशीची मुक्कामी गाडी. संध्याकाळी भोरहून वर जायचं, गाडीतच झोपायचं आणि उजाडायच्या आत खाली निघायचं. मी मागच्या बाकावर, अण्णा पुढच्या. अण्णांचं घर भोंगवलीला, म्हणजे भोरच्या पार दुसऱ्या अंगाला. वहिनी तिथे एकट्या. पोरबाळ झालं नाही. कधी भेटल्या की मला म्हणायच्या, "मास्तर, माझी सवत कशी हाय? अजून लालच हाय ना?" अण्णा हसायचे नाहीत. मान खाली घालून चहा ढवळत बसायचे.

रिटायर झाल्यावर अण्णांच्या डोक्यात डब्याचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, वेड शिरलं ते पालीला. पाली हे वहिनींचं माहेर, राजगडाच्या पायथ्याचं गाव. तिथे मेहुण्याकडे जेवायला म्हणून गेले, तर गडावर आलेल्या कुणा शहरातल्या जोडप्याने जीपमागे तसलं एक घर टोचन लावून ओढत आणलेलं. आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदे. अण्णा ताटावरून उठले आणि त्या घराभोवती फिरत राहिले, खाली वाकून आस बघितला, कडी हलवून बघितली. वहिनी दारातूनच आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी ह्यात नवराबायको दोघं झोपत्यात व्हय?" बस्स. त्या एका वाक्याने अण्णांचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच माझ्या दारात हजर. "मास्तर, आपुन डबा घ्यायचा. वढायला एक पिकअप घ्यायची. हिला दर्या दावायचा. वरंधा घाट उतरायचा, महाड, आन् थेट हरिहरेश्वर. लई वर्सं ती घरात एकटी झोपली."

मी म्हटलं, अहो अण्णा, एसटीने जा, लॉजवर राहा, दोन दिवसांत परत या. तर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्याच गाडीत त्यांच्याकडे तिकीट मागतोय.

मग सुरू झाली आमची डबा-शोधमोहीम. मला बायकोने घराबाहेर काढायचंच काय ते बाकी होतं. पुण्याजवळ एका आवारात भला मोठा डबा बघितला. आत संडास, एसी, भिंतीत टीव्ही. अण्णांनी एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यो वळणावर निम्मा दरीत ऱ्हाईल." कापूरहोळला एक वडापावची गाडी विकायला होती. स्वस्तात मिळत होती, पण वहिनींनी आत पाऊल टाकलं आणि नाकाला पदर लावून तशाच बाहेर आल्या. "माझ्या लुगड्याला जलमभर तळणाचा वास यील." अण्णांची अट एकच, आणि ती ते सगळ्यांना सांगत सुटायचे: "वढणाऱ्याच्या मानानं वझं बघायचं. चढाला कुनीबी वढतंय. उताराला मागनं ढकलतंय, तवा कळतं." म्हणून डबा हलका हवा, त्याला स्वतःचा ब्रेक हवा आणि चाकं पिकअपच्याच मापाची हवीत, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना चालते. हे सगळं ऐकून दुकानदार पोरं कंटाळायची. मी मात्र खूश असायचो, कारण हाच माणूस होता ज्याच्या भरवशावर मी इतकी वर्षं घाटात निवांत झोपलो होतो.

शेवटी शिरवळच्या बाजूला एक डबा मिळाला. रस्त्याच्या कामावरच्या इंजिनियर साहेबांना राहायला म्हणून केलेला, वापरून झालेला, साधा पत्र्याचा. वहिनी आत गेल्या, चपला काढल्या आणि सरळ पलंगावर आडव्या झाल्या. डोक्याशी खिडकी होती. त्यातून एक लिंबाचं झाड दिसत होतं. बराच वेळ उठल्याच नाहीत. अण्णांनी बाहेरून विचारलं, "काय गं?" आतून आवाज आला, "ह्योच." डबा भोंगवलीला आणून चिंचेखाली उभा केला. वहिनींनी त्याला पडदे शिवले, डबे-बरण्या भरल्या, शेगडी लावली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आत बोलावून दाखवलं. आता फक्त पिकअप घ्यायची राहिली होती, आणि माझ्या मते ते आठवड्याचं काम होतं.

कसलं आठवड्याचं! पिकअप काही ठरेना. एकीचं इंजिन गोड, टायर नवे, मालक ओळखीचा. अण्णा आत बसले, स्टिअरिंग धरलं, मान डावीकडे वळवून बघितलं आणि उतरले. "आरसा बारका हाय." दुसरी बघितली. तीच गत. तिसरीला मी आधीच बजावलं होतं, अण्णा, आरसा बदलून मिळतो, गाडी बघा. बसले, बघितलं, उतरले. "आरसा बारका हाय, मास्तर. मागं डबा असनार. कडंचं दिसाया पायजे." मी चिडलो. म्हटलं, "गाडी घ्यायचीय का आरसा? किती नखरे!" मग त्यांनी स्वतःच भोरमधून ट्रकचे मोठे आरसे आणले आणि कुणाच्या तरी उभ्या गाडीला हाताने धरून बघितले. तेही बारके. असं जवळजवळ वर्ष गेलं. दर वेळी वहिनी डबा झाडून ठेवायच्या आणि दर वेळी आम्ही हात हलवत परत यायचो.

त्या वर्षात अण्णांचं आणखी काय काय बदललं होतं. दारातून जाताना खांदा चौकटीला आपटायचा. डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा तांब्या हमखास लवंडायचा. कुणी बाजूने हाक मारली की कोंबडीसारखे अख्खी मान फिरवून बघायचे. स्कूटर तर त्यांनी केव्हाच भाच्याला देऊन टाकली होती. "म्हातारपण," असं म्हणून आम्ही सगळे मोकळे झालो होतो. एकदा वहिनींनी त्यांच्या उशाखाली डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली बघितली. "धूळ जाती," म्हणाले. भोंगवलीत धुळीला काय तोटा? तो विषय तिथेच संपला.

शेवटी वहिनींचाच धीर सुटला. एका संध्याकाळी डब्याच्या पायरीवर बसून त्या शांतपणे म्हणाल्या, "आवंदा न्हाई नेलं तर म्या चालत जाते दर्याला. तुमी आन् तुमचा आरसा ऱ्हावा हितंच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. अण्णा उठून आत गेले. त्याच आठवड्यात त्यांनी पिकअप घेतली, पहिली दिसली तीच. तिचा डावा आरसा मी बघितला, चांगला हातभर होता.

निघालो तो दिवस अगदी स्वच्छ होता. पाऊस संपून भात पिवळं पडायला लागलं होतं. मला बरोबर न्यायचंच होतं, कारण डबल कोण देणार? मी डब्याच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, पुढे येऊन बसलो. मध्ये वहिनी, नवं लुगडं, डोक्यात अबोली. गाडी हलली आणि त्या माझ्याकडे बघून जे काय हसू हसल्या, ते मी विसरणार नाही. साठीची बाई, पण नवी नवरी वाटत होती.

भोर सोडलं आणि धरणाचं पाणी उजव्या हाताला लागलं, तेव्हापासून मी रस्त्यावरून नजर काढली नाही. अण्णा गाडी रस्त्याच्या मधोमध चालवत होते. अण्णा! ज्यांच्या एसटीचं चाक कधी पट्ट्याबाहेर गेलं नाही! हिर्डोशीच्या अलीकडे डावीकडून एक मोटरसायकल आली, मागे गवताचा भारा घेतलेली बाई बसलेली. ती आमच्या अगदी दाराशी आली आणि अण्णा सरळ तिच्या अंगावर डावीकडे घ्यायला लागले. मी ओरडलो, "अण्णा, बाई! डावीकडं बाई हाय!" ब्रेक करकचून लागला. मागून डब्याने धक्का दिला, आतल्या बरण्या खळाखळा पडल्या. मोटरसायकल गटारात उतरली, बाई भाऱ्यासकट खाली बसली. लागलं नाही कुणाला. पण मोटरसायकलवाल्या पोराने आमच्या सात पिढ्या काढल्या आणि अण्णा हात जोडून उभे राहिले.

पुन्हा गाडीत बसलो. डबल दिली. अण्णांनी हिर्डोशी पार केली आणि घाट जिथे सुरू होतो, तिथे रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच होते.

"मास्तर, डाव्या आरशात काय दिसतंय?"

"डबा दिसतोय. मागचा रस्ता. एक गाय हाय."

"मला आरसाच दिसत न्हाई."

मग अण्णाच बोलत राहिले, समोरच्या काचेकडे बघत. "पुण्याच्या डाक्टरनं सांगितलं, काचबिंदू हाय. कडंचं गेलं, ते आता येत न्हाई. मधलं तेवढं ऱ्हाईल, थेंब घातलं तर. मला वाटायचं, मोठा आरसा घावला तर दिसंल. म्हनून बघत व्हतो सगळ्या गाड्यांत." मान वळवून वहिनींना म्हणाले, "ह्याच्या फुडं म्या तुला न्हाई नेऊ शकत. दरीत घालीन."

मला ते वर्ष आठवलं, ते सगळे आरसे आठवले. किती एकट्याने हिंडला होता हा माणूस त्या गाड्यांमधून, आम्ही दोघं शेजारी असून!

वहिनी उतरल्या. मला वाटलं, आता रडतील किंवा भांडतील. त्यांनी डब्याचं दार उघडलं, फुटलेल्या बरणीचे तुकडे गोळा केले, शेगडी पेटवली आणि चहा टाकला. आम्ही तिघं डब्याच्या पायरीशी बसलो. मी म्हणालो, "अण्णा, डेपोतला एखादा पोरगा बोलावू, तो नेईल, अजून दिवस आहे." वहिनींनीच मला थांबवलं. "नगं, मास्तर. मला दर्याचं काय बी न्हाई. ह्यांच्या गाडीत बसून जायचं व्हतं." मग कपावरचा हात न काढता त्यांनी अण्णांना विचारलं, "हितनं फुडं रस्ता कसा हाय, ते तरी सांगा."

आणि अण्णांनी सांगितला. वाघजाई कुठे लागते, कुठे माकडं बसतात, कुठलं वळण दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायचं, महाडला कुठला चहा चांगला, पुढे हवेला खारट वास कुठून यायला लागतो. हाताने वळणं दाखवत गेले, अगदी समुद्रापर्यंत. वहिनी हूं हूं करत ऐकत होत्या. मी उठून गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि पोटभर रडलो.

परतीला हिर्डोशीचा एक ट्रॅक्टरवाला गाडी चालवायला आला. त्याने किल्ली फिरवून एकदम गाडी काढली. "थांब," अण्णा शेजारून म्हणाले. "मास्तरांनी डबल कुठं दिलीय?"

पिकअप विकली. डबा चिंचेखाली राहिला आणि ती दोघं घर सोडून त्यातच झोपायला लागली. मी जायचो तेव्हा वहिनी वाचून दाखवावं तसं अण्णांना खिडकीतलं सांगत असायच्या, शेळ्या चालल्यात, शेजारची सून पाण्याला निघाली. मधलं दिसायचं, तेही हळूहळू गेलं होतं. अण्णांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा मला म्हणाले, "मास्तर, डब्याला वढणारा नसला की त्येचं घरच व्हतं की वो."

यंदा थंडीत अण्णा गेले. झोपेतच, डब्यात. मी पोचलो तेव्हा अंगणात सगळी तयारी झाली होती. तिरडी डब्याच्या शेजारीच ठेवली होती. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, डोळे कोरडे. बायका रडत होत्या, भाचा मडकं घेऊन पुढे उभा. चौघांनी वाकून खांदा दिला, उचललं, आणि निघणार एवढ्यात वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"थांबा. मास्तर कुठं हायेत?"

मी पुढे झालो.

"मास्तर, डबल द्या. त्याबिगार ते हलायचे न्हाईत."

खांदेकरी थांबले. रडणं थांबलं. मी डब्याच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. मग अण्णा निघाले.