तुळशीतली अर्थिंग

आमच्या घरी गिटारचं पेडल माझ्या जेवणाच्या डब्यात राहतं. म्हणजे डब्याचंच पेडल झालंय. गिटारची वायर एका बाजूने आत शिरते, दुसऱ्या बाजूने ॲम्प्लिफायरकडे जाते, आणि वरचं बटण पायाने दाबलं की गोड सूर वळूने डुरकावं तसा खरखरीत होतो. लेकीला तसाच हवा होता. विकत आणलं असतं तर विषय मिटला असता, पण मी म्हणालो, "त्यात काय एवढं? मी करतो."

"आन् भाजीभाकरी कशात देऊ? गिटारीत?" बायकोने विचारलं.

शहापूरच्या बाजारातून सुटे भाग आणले, जुन्या टेपरेकॉर्डरच्या पोटातून ॲम्प्लिफायर काढला. सगळं वाजायला लागलं, पण सुरांपेक्षा मोठ्याने भुणभुण. आमच्या घराला अर्थिंग नाही, हे मला तेव्हा कळलं. अंगणात सळई ठोकायची तर जमीन मुरमाड, आणि मी आळशी. मऊ माती एकाच ठिकाणी होती, तुळशीवृंदावनात. तिथे सळई खोचली, खिडकीतून वायर ओढली. भुणभुण थांबली. शेजारच्याच घरातली माझी वहिनी रोज सकाळी तुळशीला पाणी घालते. ती म्हणाली, "भावजी, देवाला करंट लावलात काय?"

संध्याकाळ झाली की भुणभुण परत यायची. मी डबा उघडून तारांच्या जोडांना सगळे डाख नव्याने द्यायचो, तरी ती जायची नाही. सकाळी मात्र आवाज स्वच्छ. मग मी घरात सांगायचो, डाख मुरायला रात्र जावी लागते. डाख म्हणजे काय लोणचं आहे? पण आमच्याकडे मला विचारणार कोण!

तुळशीच्या लग्नाला मंगलाष्टकं गिटारवर वाजवायची, असं लेकीने ठरवलं. कॉलेजात तिच्या गिटारला मैत्रिणी 'पिठाची गिरण' म्हणत. त्यांनाच तिने बोलावलं होतं. सकाळी मला म्हणाली, "पप्पा, आज भुणभुणली ना, तर गिटार माळ्यावर टाकीन. परत खाली नाय काढायची."

मी छातीठोक सांगितलं, "डाख मुरलेत."

संध्याकाळी उसाचा मांडव उभा राहिला. बोरं, चिंचा, आवळे मांडले. मैत्रिणी आल्या. लेकीने बटण दाबलं आणि गिरण सुरू झाली. कधी नव्हे इतकी मोठी. मैत्रिणी एकमेकींकडे बघून ओठ चावायला लागल्या. मी डब्यावर दोन थापा मारल्या, कारण तेवढंच येत होतं. लेक गळ्यातला पट्टा काढायला लागली.

"थांब गो, आधी नवरीला आंघोळ तरी घालू दे," वहिनी म्हणाली. "काल गेरू लावलाय म्हनून सकाळी पानी नाय घातलं. रंग जाईल म्हनून."

तिने तांब्या ओतला. माती फसफसून पाणी प्यायली. आणि भुणभुण बारीक होत होत विझली.

"बघा, नवरी रडायची थांबली," वहिनी म्हणाली.

मैत्रिणी हसल्या, लेकही हसली. पट्टा परत गळ्यात गेला. अंतरपाट धरला, आणि आमच्या तुळशीचं लग्न वळूच्या डुरकावण्यात लागलं. 'सावधान'ला तिने असा काही सूर ओढला की अक्षता टाकायच्या सोडून एक मैत्रीण टाळ्या वाजवत बसली.

डाख मुरत नाहीत, माती वाळते, हे मला त्या तांब्याने सांगितलं. घरात मी अजून ते कबूल केलेलं नाही. फक्त लेक रियाजाला बसायच्या आत तांब्या घेऊन अंगणात जातो. तेही घाईने, कारण एरवी दिवस मावळल्यावर तुळशीला पाणी घातलं तर वहिनी ओरडते.

"एवढी भक्ती कवापासून?" बायको विचारते.

"वय झालं आता," मी म्हणतो, आणि सळईच्या बुडाशी नेमकं पाणी ओततो.